नाचणी सत्त्वाचे पाकीट आणि त्यासोबतचा अहवाल

या परीक्षणात उत्पादनाचे, उत्पादकाचे किंवा दुकानाचे नाव आढळणार नाही. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या अन्नाच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि त्यात २००३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने बंदी आहे. माझा अभिप्राय बराचसा अनुकूल असल्याने तो नावानिशी लिहिला तर जाहिरातीच्या फार जवळ जाईल, आणि त्यातला जो भाग प्रतिकूल आहे तो एका लहान घरगुती उद्योगाला उगाच बोचेल. वस्तूची ओळख मात्र पुरेशी देते. म्हापशाच्या बाजारपेठेतील एका दुकानात मिळणारे, डिचोली तालुक्यातील एका कुटुंबाने तयार केलेले नाचणीचे सत्त्व, पाकीट दोनशे ग्रॅमचे, किंमत १९० रुपये. आणि त्याच कुटुंबाचे कच्च्या केळ्यांचे पीठ, तेवढ्याच वजनाचे, किंमत २४० रुपये.

माझ्या नातीचे उष्टावण यंदा ऐन पावसाळ्यात झाले. एरवी सत्त्व आम्ही घरीच करतो. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाटून पातळ कापडातून गाळायचे, गाळलेले पाणी निवळू द्यायचे आणि वरचे पाणी ओतून तळाचा साका वाळवायचा. यातले शेवटचे काम गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात होत नाही, आणि ज्यांनी ते पंख्याखाली करून पाहिले आहे त्यांना त्या आंबूस वासाची वेगळी ओळख करून द्यायला नको. मे महिन्यात पुरुमेंताबरोबर, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीबरोबर, ते करून ठेवायला हवे होते, ते राहिले. म्हणून विकतचे आणले, आणि आयुष्यभर उच्च माध्यमिकच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलेले असल्यामुळे पाकिटावरच्या दोन शब्दांपाशी अडले: ‘रसायनमुक्त’ आणि ‘तपासलेले’. पहिला शब्द निरर्थक आहे, कारण नाचणीचा दाणासुद्धा रसायनांचाच बनलेला असतो. दुसऱ्या शब्दाखाली एक क्यूआर कोड होता, आणि तो फोनने उघडला असता प्रयोगशाळेचा दोन पानी अहवाल समोर आला. बाळाच्या अन्नाच्या पाकिटावर कीटकनाशकांच्या अवशेषांचा अहवाल मी प्रथमच पाहिला, आणि हे सविस्तर परीक्षण लिहावेसे वाटले ते त्यामुळे.

आधी वस्तूविषयी. सत्त्व फिकट करडे, किंचित गुलाबी छटेचे असून दळण एकसारखे आहे. गार पाण्यात आधी कालवून मग मंद आचेवर शिजवले तर गुठळी होत नाही. थेट गरम पाण्यात टाकले तर होते, पण तो दोष सत्त्वाचा नव्हे. चार-पाच मिनिटांत त्याला चकाकी येते. मोठ्यांसाठी त्यातच नारळाचा रस आणि गूळ घालून आम्ही तिजण केले, तेही उत्तम झाले. बाळाला अर्थातच मीठ, साखर, गूळ यांतले काही न घालता दिले. साखर किंवा दुधाची भुकटी सत्त्वात मिसळलेली नाही आणि घटकांच्या यादीत ‘नाचणी’ एवढा एकच शब्द आहे, हे मला सर्वांत आवडले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. सत्त्व गाळताना कोंड्याबरोबर तंतू जातात आणि खनिजांचाही काही भाग जातो, त्यामुळे शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते हा आकडा सत्त्वाला जसाच्या तसा लावता येत नाही. पाकिटावर तो तसाच छापला आहे, तो काढावा.

आता अवशेषांकडे वळते. माझ्या नातीचे वजन आठ किलो आहे आणि ती दिवसातून दोनदा मिळून सुमारे पन्नास ग्रॅम कोरडे सत्त्व खाते. साठ किलो वजनाच्या माणसाने त्याच हिशेबाने खायचे ठरवले तर त्याला रोज एकाच धान्याचे ३७५ ग्रॅम पीठ, तेही महिनोन्‌महिने आणि शक्यतो एकाच कंपनीचे, खावे लागेल. मोठ्यांच्या ताटात भात, मासळी, भाजी, फळे असे काहीतरी रोज बदलत असते आणि कोणत्याही एका पदार्थातला दोष त्यात विरून जातो, पण बाळाच्या वाटीत ही सोय नसते. शिवाय ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांपासून शरीरात तयार होणारी विषारी रूपे निकामी करणारे पॅराऑक्सोनेज हे विकर (एन्झाइम) तान्ह्या मुलांत मोठ्यांच्या मानाने बरेच कमी असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९९३ मध्ये बालकांच्या आहारातील कीटकनाशकांवर जो अहवाल दिला, त्याचा रोख याच गोष्टींवर होता, आणि त्यानंतर तिथे १९९६ च्या कायद्यात मुलांसाठी सुरक्षिततेचा आणखी दहा पटींचा गुणक आला. युरोपीय संघाने १९९९ मध्ये याहून सोपा मार्ग निवडला. शिशुदूध आणि बाळांचे धान्यपदार्थ यांत कोणत्याही एका कीटकनाशकाचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, अशी एकच सरसकट मर्यादा त्यांनी घातली. दहा कोटी भागांत एक भाग, एवढे हे प्रमाण आहे. फिप्रोनिलसारख्या काही द्रव्यांसाठी ती याहूनही कमी, म्हणजे ०.००४ आहे.

हा प्रश्न परदेशातला आहे असे समजणाऱ्यांसाठी आपल्याकडचा एक जुना दाखला देते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बाळांच्या डब्याच्या दुधाच्या वीस व्यापारी नावांचे १८६ नमुने तपासले होते. त्यांपैकी सुमारे ७० टक्के नमुन्यांत डीडीटी आणि ९४ टक्के नमुन्यांत एचसीएच, म्हणजे शेतकरी ज्याला बीएचसी किंवा गॅमेक्झिन म्हणत ते, आढळले. कमाल प्रमाण स्निग्धांशावर मोजले असता डीडीटीचे किलोमागे ४.३ आणि एचसीएचचे ५.७ मिलिग्रॅम होते. ही दोन्ही द्रव्ये चरबीत साठतात. गाईच्या चाऱ्यातून ती लोण्यात आणि लोण्यातून डब्यात येतात, आणि दूध कितीही तापवले तरी जात नाहीत. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये आणि बीएचसीचा १९९७ मध्ये बंद झाला, त्यामुळे ते आकडे आजच्या डब्याला लावणे अन्यायाचे होईल. आज दुधाच्या भुकटीच्या बाबतीत युरोपात चर्चा होते ती क्लोरेटची. ते शेतातून येत नाही, तर डेअरीतील यंत्रे आणि पाणी ज्या क्लोरीनयुक्त जंतुनाशकांनी शुद्ध करतात त्यांतून येते, आणि तरीही कायद्याच्या लेखी कीटकनाशकाचाच अवशेष ठरते. अवशेष म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाठीवर पंप घेतलेला शेतकरी उभा राहतो. चित्र तेवढेच नाही.

नाचणीची बाजू या बाबतीत मुळातच बळकट आहे. पिकावर फवारणी फारशी होत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे या बारीक दाण्याला साठवणीत कीड सहसा लागत नाही. गव्हाचे तसे नाही. गोदामातल्या पोत्यांवर मॅलॅथिऑनसारखी औषधे मारतात, त्यांना फॉस्फिनची धुरी देतात, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या विनियमांत अन्नधान्यावर मॅलॅथिऑनची मर्यादा किलोमागे ४ मिलिग्रॅम होती. युरोपात बाळाच्या वाटीतल्या पदार्थाला लावलेल्या मर्यादेच्या ती चारशे पट भरते. अर्थात धान्य चाळून, धुऊन, दळून, शिजवून त्यातले बरेच कमी होते, आणि कोंडा काढला तर आणखी कमी होते, कारण साठवणीतल्या औषधाचा बराचसा भाग दाण्याच्या बाहेरच्या थरात असतो. सत्त्वाच्या जुन्या पद्धतीत भिजवणे, पाणी टाकणे आणि कोंडा गाळणे या तिन्ही क्रिया आपोआपच होतात. आमच्या आज्यांना मायक्रोग्रॅम ठाऊक नव्हते, आणि त्यांनी हे अवशेषांसाठी केले असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. त्याच आज्या धान्याच्या डब्यात पाऱ्याच्या, म्हणजे पारद, गोळ्या टाकत असत, हेही विसरू नये.

अहवाल मात्र मी विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसा वाचला. प्रयोगशाळेला एनएबीएल या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता आहे आणि तपासणी त्या मान्यतेच्या कक्षेतली आहे, हे ठीक. पद्धत ‘क्वेचर्स’ ही आहे. २००३ पासून रूढ झालेल्या या पद्धतीत नमुन्यातले अवशेष एकाच वेळी द्रावकात उतरवून घेतात आणि मग वायू व द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या वस्तुमान वर्णपटमापकांवर शेकडो द्रव्ये एकदम शोधतात. अहवालात १२८ द्रव्यांची नावे असून प्रत्येकापुढे ‘बीएलक्यू’ लिहिलेले आहे. दुकानदार मला म्हणाले, “बाई, बघा, सगळे शून्य आहे.” ते शून्य नाही. बीएलक्यू याचा अर्थ, खात्रीने मोजता येईल अशा किमान प्रमाणाच्या खाली, आणि ते किमान प्रमाण कोणते धरले आहे हे त्याच पानावर पाहावे लागते. इथे ते ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे युरोपच्या मर्यादेएवढेच. तेच ०.०५ असते, आणि तसेही अहवाल पाहण्यात येतात, तर ‘बीएलक्यू’ या शब्दाला बाळाच्या अन्नात फारसा अर्थ राहिला नसता. उत्पादकाच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. युरोपची मर्यादा खाण्यास तयार पदार्थाला लागू होते. पंचवीस ग्रॅम सत्त्व दीडशे मिलिलीटर पाण्यात शिजवले तर ते सातपट पातळ होते. हा अहवाल कोरड्या सत्त्वाचा आहे, तेव्हा त्याची कसोटी त्या मानाने कडकच म्हणायची.

गुण कापले ते पुढील कारणांसाठी. अहवालावर तारीख फेब्रुवारीची आहे आणि माझे पाकीट जूनमध्ये भरलेले आहे. खेप क्रमांकही वेगळा. ‘नमुना ग्राहकाने पुरवलेला असून निष्कर्ष केवळ त्या नमुन्यापुरते लागू आहेत’ हे वाक्य तळाला बारीक अक्षरात आहे. हे वाक्य सर्वच प्रयोगशाळा छापतात आणि ते प्रामाणिक आहे, पण त्यातला ‘ग्राहक’ म्हणजे मी नव्हे, उत्पादक. तिसरी उणीव यादीतली आहे आणि ती सहज दिसत नाही. मॅन्कोझेब हे आपल्याकडचे अत्यंत प्रचलित बुरशीनाशक या पद्धतीने सापडतच नाही. त्याचा गट कार्बन डायसल्फाइडमध्ये रूपांतरित करून स्वतंत्रपणे मोजावा लागतो. तणनाशक ग्लायफोसेटलाही वेगळी चाचणी लागते, आणि धुरीच्या फॉस्फिनलाही. १२८ नावांची लांबलचक यादी पाहून सगळेच तपासले गेले असे वाचणाऱ्याला वाटते, परंतु जे शोधलेच नाही ते अहवालात ‘नाही’ असेही लिहिलेले नसते.

नाचणीच्या बाबतीत ही उणीव मी सोडून देईन. केळ्याच्या पिठाच्या बाबतीत सोडता येत नाही. केळीच्या करप्यावर मॅन्कोझेब फवारणे ही महाराष्ट्र-कर्नाटकातल्या बागांमधली नेहमीची गोष्ट आहे. युरोपीय संघाने २०२० च्या अखेरीस या द्रव्याची मान्यता पुढे चालू ठेवली नाही, आणि ते तापवले असता त्यातून तयार होणारे इथिलीन थायोयुरिया थायरॉइडला घातक ठरते. मॅन्कोझेब फळाच्या पृष्ठभागावर राहते आणि साल काढली की त्याचा मोठा भाग जातो, हे खरे आहे. पण सोललेली केळी वाळून एक तृतीयांश वजनावर येतात, म्हणजे जे उरले असेल ते तिप्पट दाट होते. या पिठाच्या पाकिटावरही क्यूआर कोड आहे, आणि तो उघडला असता तोच नाचणीचा अहवाल उघडतो. ही चूक असावी, लबाडी नसावी, असे मी धरून चालले. तरीही बाळाच्या अन्नात ही चूक लहान नाही.

मी पाकिटावरच्या क्रमांकावर फोन केला. ज्या बाई बोलल्या त्या हे सर्व स्वतः करतात आणि त्यांनी कोणताही प्रश्न टाळला नाही. नाचणी काही सत्तरीतून आणि काही खानापूरकडून येते. केळी सोलूनच वाळवतात; ती थोडी घरच्या कुळागरातली (बागायतीतली) आणि कमी पडली तर बाजारातली असतात, आणि बाजारातली केळी कुठली ते त्यांना सांगता आले नाही. दर खेपेची चाचणी का करत नाही, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “बाई, दर खेपेला केली तर पाकीट तीनशेच्या वर जाईल. मग घेणार कोण?” या उत्तराला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अहवालाची सर्व पाने मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवली. मॅन्कोझेब हे नाव त्यांनी ऐकले होते, पण ते यादीत नाही हे त्यांच्या लक्षात आले नव्हते, आणि प्रयोगशाळेनेही त्यांना ते सांगितले नव्हते. कोणत्या पदार्थासाठी कोणती चाचणी घ्यावी हे पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगणे हे प्रयोगशाळेचे काम आहे, असे मला वाटते.

पाकिटावर ‘सेंद्रिय’ असेही छापले आहे आणि त्यावर जैविक भारतचे, म्हणजे प्रमाणित सेंद्रिय अन्नावर असणारे, चिन्ह नाही. २०१७ च्या सेंद्रिय अन्न विनियमांत लहान उत्पादकांना प्रमाणपत्रातून सवलत आहे, पण ती स्वतः थेट ग्राहकाला विकताना. दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या पाकिटाला ती लागू होत नाही. हेही मी बाईंना सांगितले. दुकानात तो शब्द चालणार नाही, यावर त्या हसल्या आणि पुढच्या छपाईत काढू म्हणाल्या.

तुलनेसाठी आणखी दोन वस्तू घेतल्या. एक सर्वपरिचित मोठ्या कंपनीचा गव्हाचा शिशुआहार. त्यावर पोषणद्रव्यांची यादी लांब आहे, पण अवशेषांविषयी एक अक्षर नाही. ग्राहकसेवेला पत्र लिहिले असता ‘सर्व लागू मानकांचे पालन केले जाते’ असे चार ओळींचे नम्र उत्तर आले. त्यांच्याकडे अहवाल नसतील असे मला मुळीच वाटत नाही. एवढी मोठी कंपनी आपला गहू खेपेगणिक तपासत असणार. तो कागद डिचोलीतल्या एका बाईंना पाकिटाला जोडता येतो आणि त्यांना येत नाही, एवढेच माझे म्हणणे. दुसरी वस्तू पणजीतल्या एका दुकानातली युरोपातून आलेली सेंद्रिय फळांच्या गराची बाटली, १२० ग्रॅमला ३९५ रुपये. झाकणावरच्या बाळाच्या चित्रावर आयातदाराने चिकटपट्टी डकवलेली होती, कारण शिशुआहाराच्या वेष्टनावर बाळाचे चित्र आपल्या कायद्यात चालत नाही. अमेरिकेतील एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने २०२३ मध्ये तपासलेल्या ५८ साध्या शिशुआहारांपैकी २२ मध्ये किमान एका कीटकनाशकाचा अंश सापडला आणि १५ सेंद्रिय पदार्थांत एकही सापडला नाही, तेव्हा त्या बाटलीवर अविश्वास दाखवायला मला कारण नाही. पण सफरचंदाच्या त्या आंबट गराला नातीने तोंड लावले नाही, आणि त्या किमतीत सत्त्वाची दोन पाकिटे येतात.

सत्त्व मी पुन्हा घेतले आहे आणि ओळखीच्या घरांत घ्यायला सांगितले आहे. केळ्याचे पीठ सध्या कोणी घेऊ नये. त्याचा स्वतःचा अहवाल, त्यात मॅन्कोझेबच्या गटाची वेगळी चाचणी, आणि बाजारातली केळी असतील तर तसा उल्लेख, एवढे आले तर मी मत बदलेन. ज्यांना कोणत्याही पाकिटाविषयी खरोखर शंका असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साध्या ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो, आणि वस्तू नियमबाह्य ठरली तर शुल्क परत मिळते. गोव्यात त्यासाठी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात चौकशी करावी.

बाईंचा परवा निरोप आला. नव्या खेपेचा नमुना त्यांनी दिला आहे, चतुर्थीच्या गडबडीमुळे अहवाल त्यानंतरच येईल, आणि या वेळी खेप क्रमांक पाकिटावर व अहवालावर एकच असेल. माझ्याकडचे सत्त्व तोवर पुरेल असा अंदाज आहे. केळ्याच्या पिठाचे पाकीट फळीवर तसेच आहे. सून त्याची धिरडी करू म्हणते, मोठ्यांसाठी.